दुखत नव्हता तो पाय

सासऱ्यांचा दुखणारा पाय डावा होता आणि मी उजवा रगडला. थोडाथोडका नाही. चहाचं आधण उकळलं, त्यात दूध पडलं, चहा गाळून कपात आला, तोवर रगडला. सासरे ओटीवर सतरंजी टाकून पालथे पडले होते. मी भिंतीला हात टेकून उभा होतो आणि गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं बांबूचं एक कांडं त्यांच्या पोटरीवर पायाने पुढे-मागे लोळवत होतो. मनात म्हणत होतो, ही मंडळी उगाच घाबरवतात. म्हणे पोटरीचा दगड झालाय. चांगली मऊ तर लागतेय.

तेवढ्यात बायको कपबशा घेऊन बाहेर आली.

“अहो! हा नाही, हा नाही! डावा!”

विस्तवावर पडल्यासारखा मी पाय उचलला. सासऱ्यांनी मान वळवली नाही. हनुवटी हातांवर तशीच ठेवून म्हणाले, “ऱ्हाऊ दे गो. ह्यो बी आपलाच हाय.”

आतून सासूबाईंच्या हसण्याचा आवाज आला. मग बायको हसली. मग मीही हसलो.

एवढ्या शिकलेल्या मास्तराला डावं-उजवं कळू नये, याला कारण आहे. महाडच्या शाळेत मी शिकवायचो भूगोल, पण कवायतही माझ्याच गळ्यात पडलेली. मुलांसमोर तोंड करून उभं राहायचं, ‘उजवा हात वर’ म्हणायचं आणि आपण मात्र डावा वर करायचा, म्हणजे समोरच्याला आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. वर्षानुवर्षं हे केल्यावर डोक्यात डाव्या-उजव्याची कायमची अदलाबदल झाली. रस्त्यात कुणी पत्ता विचारला की तो बिचारा माझ्यामुळे उलट्या बाजूला जायचा.

शिवाय मी पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले. उलटं करायची सवय बहुधा तिथपासूनची. पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते, लचक जाते, असा आमच्या भागात समज. मी शाळकरी होतो तेव्हापासून नाते, पाचाड अशा गावांकडची माणसं कंबर धरून आमच्या दारात यायची, अंगणात पालथी पडायची, आणि मी त्यांच्या पाठीला टाच लावायचो. जाताना नारळ ठेवून जायची. पायाळूवर वीज पडते असाही एक समज आहे, त्यामुळे आभाळ गडगडलं की आई मला घरात कोंडायची. थोडक्यात, माझ्या पायांचा गुण दुसऱ्यांना आणि कैद मला.

लग्न झाल्यावर ही कीर्ती माझ्याआधी पोलादपूरला पोचली होती.

सासरे लाल गाडीचे ड्रायव्हर. राहायला पोलादपूर, डेपो महाडचा, आणि बरीच वर्षं फेरी महाबळेश्वरची. तो घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. एक वळण संपेपर्यंत दुसरं समोर उभं, आणि प्रत्येक वळणाला क्लच दाबायचा तो डाव्या पायाने. अशी काही तपं झाल्यावर डाव्या पायाने कुरकुर सुरू केली. पोटरी आखडली, मग मांडीची मागची बाजू आखडली. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पाय सरळ व्हायला वेळ लागायचा. हे त्यांनी डेपोत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गाडीवरून उतरवून हलकं काम दिलं असतं, आणि निवृत्ती तर तोंडावर आलेली.

त्यांना निवृत्तीचं दुःख नव्हतं. त्यांना एकच पाहिजे होतं: शेवटच्या दिवशी गाडी आपल्या हातात असावी. त्यांच्या डेपोत तशी रीत होती. ड्रायव्हरची शेवटची फेरी असली की गाडीला झेंडूच्या माळा घालत, पुढे नारळ फोडत, आणि वाटेत थांब्याथांब्यावर ओळखीची माणसं हार घेऊन उभी राहत. दुसऱ्यांच्या अशा फेऱ्यांबद्दल सासरे जेवताना बोलायचे. हार किती पडले, पेढे कुणी वाटले, यात त्यांना गोडी नसायची. सगळं सोडून ते स्टँडावर यायचे.

“गाडी मागं घ्यायची असते ना स्टँडातून,” ते म्हणायचे, “कंडक्टर शिट्टी मारतो, सगळी माणसं बाजूला सरतात. हार घातलेली गाडी कशी मागं येते! ती बघावी.” आणि डावा हात हवेत फिरवून दाखवायचे. तोंडातला घास तसाच राहायचा.

तर हा पाय निदान तेवढ्यापुरता टिकवायचा होता. आणि घरात आयता पायाळू जावई.

पण इथे मोठा धर्मसंकटाचा प्रश्न उभा राहिला. जावई म्हणजे विष्णू. त्याच्याकडून पाय चेपून घेणार कसे? आणि सासरा बापाच्या ठिकाणी. त्याला पाय लावणार कसा? दोन्हीकडून पाप. यावर सासूबाईंनी तोड काढली. त्यांनी परसातल्या बांबूचं हातभर कांडं कापलं, त्याला जुन्या गोधडीचा तुकडा शिवला आणि निकाल दिला, “पाय बांबूला लागतो, बांबू ह्यांना लागतो. मधी कपडा आला म्हंजे पाय लागला असं होत नाय.” तरी मी काम झाल्यावर वाकून नमस्कार करायचा आणि त्यांनी मला नारळ द्यायचा, असं ठरलं. म्हणजे दोन्ही पापं फिटून वर खोबरं.

अशा सगळ्या तयारीने पहिल्याच रविवारी मी चुकीचा पाय रगडला.

चहा पिऊन सासरे उठले. एरवी ते खांबाला धरून उठायचे. त्या दिवशी तसेच उठले. डावा गुडघा दोनदा वाकवून बघितला, पायऱ्या उतरले, फाटकापर्यंत गेले, परत आले.

“बरं वाटतंय,” ते म्हणाले.

“कुठला पाय?” सासूबाईंनी विचारलं.

“ह्यो. डावा.”

मग जे हसणं झालं ते शेजारच्या घरापर्यंत गेलं. सगळ्यांना, मला धरून, एकच वाटलं: जावयाची लाज राखताहेत. कारण हे स्पष्टच होतं की पहिल्या क्षणापासून त्यांना चूक कळली होती आणि त्यांनी ती सांगितली नव्हती. त्या घरात जावयाने चहात मीठ टाकलं असतं तरी सगळ्यांनी तो बशीत ओतून, फुंकर मारून प्यायला असता. सासरे हसले नाहीत. ते परत एकदा फाटकापर्यंत जाऊन आले. हे मला आत्ता आठवतं; तेव्हा मी सतरंजी झटकत होतो.

पुढचे काही रविवार मी योग्य पाय रगडला. म्हणजे बायको आधी डाव्या पायाला खडूने खूण करायची आणि मग मला बोलवायची. त्या पायाला बांबू टेकला की सासरे श्वास रोखायचे. खरंच दगड होता. जरा जोर दिला की सतरंजीची कड मुठीत धरायचे, आणि वर म्हणायचे, “चालू द्या, चालू द्या, मस्त वाटतंय.” उठताना खांब लागायचाच.

मग एका रविवारी ते म्हणाले, “जावईबापू, त्या दिवशीसारखं करा ना. उजवाच करा.”

“मामा, तुम्ही पण!” मी म्हटलं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. तोवर ही गोष्ट गावभर झाली होती. पोलादपूरच्या टपरीवर मला एकाने विचारलं होतं, “मास्तर, माझा बरा दात दुखत नाय, बघता का जरा?” महाडच्या शिक्षकांच्या खोलीतही ती कशी कोण जाणे पोचली होती. त्यामुळे ‘उजवाच करा’ हे मी त्याच पंगतीत बसवलं. हसलो, डावाच रगडला, आणि पुढच्या वेळी शनिवारीच बायकोला सांगितलं की पेपर तपासायचेत.

तरी त्यांनी आणखी एकदा विचारलं. महाडच्या स्टँडवर मी वर्तमानपत्र घ्यायला गेलो होतो, त्यांची गाडी सुटायच्या बेतात होती. केबिनच्या खिडकीतून त्यांनी हाक मारली.

“बापू, येताय ना रविवारी? उजव्या पायाला सवय लागली हाय.”

त्यांचा कंडक्टर खो-खो हसला. त्याला हसताना बघून तेही हसले, म्हणजे हसावं लागलं त्यांना. जावयासमोर विनवणी करणार तरी किती आणि कशी? मी म्हटलं, “बघतो मामा, परीक्षा जवळ आल्यात.” परीक्षा खरंच जवळ आल्या होत्या. शाळेत परीक्षा कायमच जवळ असते.

रुसवा वगैरे काही नव्हता. सासुरवाडीला जाणं-येणं चालू होतं, फणस-आंबे येत होते. फक्त बांबूचं कांडं कोपऱ्यात उभं राहिलं आणि त्याचं नाव कुणी काढलं नाही. सासऱ्यांनी नाही, कारण जावयाला सांगायचं कसं. मी नाही, कारण चेष्टेचा विषय कशाला उकरा.

त्या पावसाळ्यानंतर एकदा घाटात एका वळणावर त्यांचा पाय क्लचवर पुरता गेला नाही. गाडी हातभर मागे सरकली. ब्रेक होता, दगड लावला, कुणाला काही कळलंसुद्धा नाही. एका बाईने म्हणे झोपेतून उठून इतकंच विचारलं, आलं का महाबळेश्वर? पण परत आल्यावर सासरे सरळ साहेबांकडे गेले आणि म्हणाले, मला गाडीवर ठेवू नका. बाकी कुणी सांगायच्या आधी स्वतःच सांगितलं. मग उरलेले महिने डेपोच्या फाटकाजवळ लाकडी स्टुलावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायचे. शाळेच्या वाटेवर मला दिसायचे. मी हात करायचो. तेही करायचे.

निवृत्तीचा दिवस आला. गाडीवर नसले तरी डेपोतल्या मंडळींनी ठरवलं की मामांची गाडी सजवायचीच. चालवणार त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक ड्रायव्हर, आणि मामा पहिल्या बाकावर. आदल्या दिवशी सासू-सासरे महाडला आमच्याकडे मुक्कामाला आले.

सकाळी मी पुठ्ठ्यावर ‘सेवापूर्ती’ अशी पाटी रंगवत बसलो होतो. माझं अक्षर चांगलं आहे, निदान पाट्यांपुरतं. पाटी झाली, पण ती गाडीच्या तोंडाला बांधायला काठी हवी. इकडे-तिकडे बघतो तर पलंगावर सासऱ्यांच्या पिशवीतून काढलेले कपडे, इस्त्रीचा खाकी शर्ट, आणि शेजारी ते बांबूचं कांडं.

“अरे वा! हे बरं सापडलं,” मी म्हटलं, आणि गोधडीचा तुकडा टराटरा उसवून काढला.

सासरे खाली चटई पसरत होते. त्यांनी वर बघितलं. “घ्या, घ्या,” ते म्हणाले. “कामाला आला.” आणि चटई परत गुंडाळून ठेवली.

पोलादपूरहून महाडला कुणी बांबूचा तुकडा पिशवीत घालून कशाला आणेल, हा प्रश्न भूगोलाच्या शिक्षकाला पडला नाही.

स्टँडवर गाडी नवरीसारखी उभी होती. माझी पाटी झेंडूत छान दिसत होती. नारळ फुटला. आणि तेव्हा तो तरुण ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “मामा, स्टँडातून तुम्ही काढा. बाहेर रस्त्यावर मी घेतो. साहेबांना मी इचारलंय.”

सासऱ्यांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ते केबिनमध्ये चढले. हँडल धरून, आधी उजवा, मग डावा हाताने उचलून. बसले. आरसा नीट केला. कंडक्टर मागे जाऊन शिट्टी तोंडात धरून उभा राहिला, माणसं बाजूला सरली. मी खिडकीखाली उभा होतो. मला त्यांचा डावा पाय दिसत होता. तो क्लचवर गेला. अर्ध्यात थांबला. परत वर आला. पुन्हा गेला, पुन्हा अर्ध्यात थांबला. कपाळावरची शीर उठली होती. शिट्टी वाजली नाही, कारण गाडी हललीच नाही.

ते खाली उतरले आणि त्या पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “तूच घे रे. मागं माणसं हायेत.”

महाबळेश्वरपर्यंत आम्ही त्यांच्या मागच्या बाकावर होतो. हार पडत होते, ते हात जोडत होते. मध्येच बायकोने मला कोपराने ढोसलं आणि खाली दाखवलं. प्रत्येक वळणाला सासऱ्यांचा डावा पाय गाडीचा पत्रा दाबत होता. जितका जाईल तितका.

त्यानंतर ते काही वर्षं होते. दारापुढे भाजी लावली, नातवंडांना गाडीचे आवाज काढून दाखवले. मग गेले. अखेरपर्यंत त्या पायाबद्दल कुणी विचारलं तर हसून माझ्याकडे बोट दाखवायचे, “डाक्टर इथं बसलाय.”

हे सगळं मी विसरलो होतो असं नाही, पण ते विनोदी गोष्टींच्या डब्यात ठेवलं होतं. लग्नकार्यात मी ही गोष्ट रंगवून सांगायचो. खडूची खूण, सासूबाईंचा निवाडा, सगळं. हमखास हशा. बायको उठून पाणी आणायला जायची.

मग माझी पाळी आली. मुलांना लांब उडी कशी मारतात ते दाखवायला गेलो. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाने काय दाखवू नये त्यातलं हे एक. उजव्या मांडीची मागची शीर धरली. हात लावू देईना. तोवर महाडात एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर एका मुलीने फिजिओथेरपीची खोली उघडली होती. चवदार तळ्याला वळसा घालून लंगडत गेलो.

तिने मला चटईवर बसवलं आणि कोपऱ्यातून एक निळं नळकांडं आणलं. फोमचं, हलकं, हातभर लांब. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

“सर, हे डाव्या मांडीखाली घ्या आणि हळूहळू पुढे-मागे व्हा.”

“अगं, दुखतोय उजवा,” मी म्हटलं. म्हटलं, चला, जगात आपल्यासारखं आणखी कुणी आहे.

“माहितीय सर. तो आज हात लावू देत नाही ना? म्हणून आधी बऱ्याला करायचं. दुखऱ्यालाही थोडी ढील मिळते.”

“न लावता?”

“न लावता. करून तर बघा.”

मी केलं. पोत्यासारखा लोळलो. मग तिने माझा उजवा पाय अलगद उचलला. आल्याबरोबर उचलला होता तेव्हा जिथे मी ओरडलो होतो, त्याच्या वर गेला. फार नाही, चार बोटं. पण गेला.

“असं का होतं?” मी विचारलं.

“नक्की कारण एकच असं नाही सांगता येत, सर. दोन्ही पायांचा कारभार वरून एकाच ठिकाणाहून चालतो ना. एकाला दाब सोसायची सवय झाली की दुसऱ्याचंही दुखणं जरा खाली येतं, असं म्हणतात. पण यानं आजार जात नाही. थोडा वेळ टिकतं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, माणसामाणसावर असतं. तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा.”

मी डोळे मिटले. तिला वाटलं दुखतंय. “थांबू का, सर?” तिने विचारलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच ठाऊक नाही.

माणूस सतरंजीवरून उठून फाटकापर्यंत दोनदा जाऊन आला होता. ‘बरं वाटतंय’ म्हणाला होता, कुठला पाय तेही सांगितलं होतं. तीन वेळा मागून पाहिलं होतं: एकदा ओटीवर, एकदा गाडीच्या खिडकीतून, आणि तिसऱ्यांदा तोंडाने न बोलता, बांबू पिशवीत घालून. इतक्या साध्या मराठीत सांगितलेली गोष्ट आम्ही एवढी सगळी माणसं विनोद समजून हसलो. आणि सभ्यता अशी की तो माणूसही आमच्याबरोबर हसला.

घरी आलो. बायको अंगणात तांदूळ पाखडत होती. मी पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं. निळं नळकांडं, डावी मांडी, चार बोटं. ती पाखडत राहिली. मग मीच माझी बाजू मांडायला लागलो. म्हटलं, पण बघ, ती मुलगी म्हणाली की फार तर वीस मिनिटं टिकतं. पाय काही बरा झाला नसता. घाट तर दीड-दोन तासांचा. वीस मिनिटांत पोलादपूरही येत नाही. म्हणजे मी दर रविवारी उजवा पाय रगडला असता, त्या दिवशी सकाळीही रगडला असता, तरी काय फरक पडला असता?

तिने सूप खाली ठेवलं.

“स्टँडातून गाडी मागे घ्यायला,” ती म्हणाली, “किती वेळ लागतो हो?”